सरपण आणताना: अडकलेले झाड खाली कसे घ्यावे, आणि केव्हा घेऊच नये



एलीया संदेष्टा सारफथ गावाच्या वेशीजवळ पोहोचला तेव्हा त्याला भेटलेली विधवा काय करत होती? १ राजे १७ व्या अध्यायावर आपण किती प्रवचने ऐकली असतील! मडक्यातले पीठ आणि कुपीतले तेल सगळ्यांना आठवते. ती बाई काटक्या वेचत होती, हे मात्र वाचताना मागे पडते. घरात पीठ असले तरी भाकर भाजायला जाळ लागतो, आणि तो जाळ कुणीतरी डोक्यावरून वाहून आणावा लागतो.

आपण ज्या वाड्यांवर जातो तिथे हे काम आजही बायका आणि मुली करतात. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, शेगडी आणि टाकी पुष्कळ घरांत पोहोचली. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला दुसरी टाकी भरून आणणे जड जाते. मग शेगडी फडताळाखाली जाते आणि चूल पेटते. पावसाळ्यात लाकूड ओले होते, रानात पाय टाकवत नाही, म्हणून फाल्गुनापासून वैशाखापर्यंत चार महिन्यांच्या सरपणाची बेगमी करावी लागते. ज्या कातकरी कुटुंबांचा हिवाळा-उन्हाळा वीटभट्टीवर जातो, त्यांना तर गावी परतल्यावर पाऊस सुरू होण्याआधी हातात थोडेच दिवस उरतात. घाईने जळण गोळा होते. या घाईत माणूस कुठे मरतो, आणि ते कसे टाळता येते, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

मी स्वतः या विषयावर लिहीन असे कधी वाटले नव्हते. माझे सगळे आयुष्य कारखान्यात खलाशी म्हणून गेले. समुद्रावरचा खलाशी नव्हे. आमच्या पट्ट्यात मशीन उचलणे, सरकवणे, बसवणे ही कामे करणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात. आपली टाळगाव चिखली १९९७ मध्ये महापालिकेत गेली, शेतांच्या जागी शेड उभे राहिले, आणि आज आपल्या मंडळीतल्या प्रत्येक दोन-तीन बाकांवर क्रेन, चेन-पुली किंवा पट्टे हाताळलेला एक तरी भाऊ बसलेला असतो. त्यामुळे पुढचा बराच मजकूर तुमच्या ओळखीचा निघेल.

वाडीवर पाहिलेले झाड

गेल्या वैशाखात आम्ही काही जण औषधांच्या पेट्या घेऊन मोशी, चाकण, राजगुरुनगर करत चासकमान धरणाच्या वरच्या अंगाला, वाडा गावाच्याही पुढे एका वस्तीवर गेलो होतो. ठाकर आणि कातकरी अशी मिळून तीस-पस्तीस घरे. गाडी लावून वर चढताना वाटेच्या डाव्या हाताला एक वाळलेला ऐन दिसला. वाऱ्याने मुळापासून कलला होता, पण जमिनीपर्यंत आलाच नव्हता. शेजारच्या जांभळाच्या बेचक्यात त्याचा शेंडा अडकला होता आणि सबंध खोड तिरपे, ओठंगून राहिले होते. बुंध्याचा काही भाग अजून मुळांना धरून होता.

त्याच्या बरोबर खाली दोन मुली आकडी लावलेल्या बांबूने वाळकी फांदी ओढत होत्या. थोरली बारा-तेरा वर्षांची असेल.

मी ओरडणार तोच वरून एक म्हातारी ओरडली. मुली पळाल्या. मी जवळ गेल्यावर ती मला म्हणाली, "दादा, ते झाड अजून पडायचं हाय. निम्मंच पडलंय. पोरींना सांगून सांगून तोंड दुखलं." मी विचारले, मग उतरवत का नाही कुणी? तिने दोन बोटे वर केली. "दोघं गेल्यात आमच्या भावकीतले असल्या झाडाखाली. एक आमच्यात, एक माझ्या माहेरी."

परतताना माझ्या डोळ्यांपुढे एक पाटी येत होती. प्रत्येक शॉपच्या भिंतीवर ती असते: लटकत्या भाराखाली उभे राहू नका. कारखान्यात तो भार तपासलेल्या हुकावर असतो, त्याला पट्टा किती टनाचा लावायचा ते ठरलेले असते, ऑपरेटर आणि इशारा देणारा माणूस ठरलेला असतो. एवढे असूनही खाली कुणाला फिरकू देत नाहीत. इथे अर्ध्या टनाचा भार एका जांभळाच्या फांदीवर ठेवलेला, त्याचा पट्टा कोण, हुक कोणता, किती दिवस टिकेल, कशाचाच पत्ता नाही, आणि खाली दोन पोरी.

अर्धा टन हा आकडा मी उगाच म्हणत नाही. सरासरी एक फूट जाडीचे आणि पंचवीस फूट लांबीचे खोड धरले तर ते साधारण अर्ध्या घनमीटरहून थोडे जास्त भरते. ओल्या लाकडाचा घनमीटर ८०० ते १००० किलोपर्यंत जातो. म्हणजे फांद्या सोडूनच साडेचारशे-पाचशे किलो. वाळलेले असेल तर त्याहून कमी, पण माणसावर पडायला तेवढेही पुष्कळ. आणि सबंध झाड पडायलाच हवे असेही नाही. मनगटाएवढी पाच किलोची फांदी पंचवीस फुटांवरून सुटली तर सव्वा सेकंदात खाली येते, आणि डोक्यावर आदळताना तिचा वेग ताशी सुमारे ४४ किलोमीटर असतो. सव्वा सेकंदात माणूस फार तर मान वर करतो.

झाड अडकते का आणि सुटते का

आपल्या सह्याद्रीच्या रानात झाडे दाटीने उभी असतात, वेलींनी एकमेकांत गुंतलेली असतात. वळवाच्या वाऱ्याने किंवा भिजून सैल झालेल्या मातीमुळे एखादे झाड कलते आणि शेजाऱ्यावर रेलते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि तिथून मावळ, खेड, जुन्नरच्या अंगाने आत सरकले, तेव्हा एका दुपारीत अशी झाडे डोंगरभर झाली. पडलेली झाडे सगळ्यांनी मोजली. अर्धवट पडलेली कुणी मोजली नाहीत, आणि पुढे काही वर्षे लोक त्यांच्याखालून येत-जात राहिले.

एक गैरसमज मला तिथल्या तरुणांत आणि आपल्या शहरी मंडळींतही आढळला. झाड दोन वर्षे अडकून आहे म्हणजे ते पक्के बसले आहे, आता काही होत नाही, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात उलटे असते. ज्या फांदीवर भार आहे ती रोज घासली जाते. वाळलेले लाकूड वाऱ्यावर हलते, साल गळून सांधा गुळगुळीत होतो, बुंध्याला वाळवी लागते, पावसाने वरचे झाड जड होते, माती मऊ होते. दोन वर्षे टिकलेले झाड पडायच्या दिवसाच्या दोन वर्षे जवळ आलेले असते.

बहुतेक अपघात मात्र नुसते खाली उभे राहिल्याने होत नाहीत. ते झाड उतरवण्याच्या खटपटीत होतात, आणि त्या खटपटी ठरलेल्या आहेत.

पहिली म्हणजे ज्या झाडाने ते पेलले आहे तेच तोडणे. डोक्यात हिशोब सरळ असतो: आधार काढला की वरचे खाली येईल. येते ना, पण दोन्ही एकदम येतात, आणि आधाराच्या झाडावर आधीच ताण असल्यामुळे ते कुऱ्हाडीचे घाव पुरे व्हायच्या आत, नको त्या वेळी फाटते. तोडणारा त्या दोघांच्या मधोमध असतो.

दुसरी खटपट अधिक फसवी आहे, कारण तिच्यात लगेच जळण मिळते. खालून बुंध्याचा तीन-चार फुटांचा तुकडा तोडायचा. तुकडा सुटला की उरलेले खोड धप्पकन खाली जमिनीवर टेकते आणि पहिल्यापेक्षा जरा उभे होते. मग आणखी एक तुकडा. आणखी उभे. अशा दोन-तीन घावांनंतर खोड जवळजवळ सरळ होते, वरचा शेंडा बेचक्यातून निसटतो, आणि आता ते कुठल्याही बाजूला पडू शकते, तोडणाऱ्याच्या अंगावरसुद्धा. म्हातारीच्या माहेरचा माणूस असाच गेला. दुपारपर्यंत तीन तुकडे काढले होते, चौथ्याला गेला.

तिरप्या खोडावरून चढून वरची फांदी छाटायला जाणे हा तिसरा प्रकार. पोरांना त्याची फार हौस. आपल्या वजनाने झाड सुटू शकते हे एक, आणि फांदी कापताक्षणी खोड स्वतःभोवती फिरू शकते हे दुसरे. याशिवाय कुणी शेजारचे तिसरे झाड मुद्दाम त्यावर पाडून पहिल्याला खाली दडपू पाहतात. मग एकाऐवजी दोन अडकतात.

आणि आकडीने ओढणे, जे त्या मुली करत होत्या. बांबू आठ-दहा फुटांचा, झाड पंचवीस फुटांचे. ओढणारा माणूस झाडाच्या पडण्याच्या जागेतच उभा असतो. खाली येणाऱ्या वस्तूला आपण आपल्याकडेच ओढत असतो, हे त्या क्षणी सुचत नाही.

आधी ठरवायचे: उतरवायचे की नाही

माझे मत स्पष्ट सांगतो. दहा अडकलेल्या झाडांपैकी आठ तशीच सोडून द्यावीत. एका मोळीत वीस-पंचवीस किलो लाकूड असते. तेवढ्यासाठी जमिनीवर पडलेल्या काटक्या, गिरिपुष्पाच्या छाटलेल्या फांद्या, बांधावरची सुबाभूळ पुरते. अडकलेल्या झाडाला दोन्ही बाजूंनी दिसेल अशी तांबडी चिंधी बांधावी, वाट त्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावरून वळवावी, आणि शाळेतल्या पोरांना ते झाड दाखवून ठेवावे. वाऱ्या-पावसाने ते स्वतःहून उतरले की मग जळण कुठे पळून जात नाही.

वनखात्याच्या हद्दीतले असेल तर आधी वनरक्षकाला सांगायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे निस्ताराचे हक्क मान्य केले आहेत, पण त्याचा अर्थ उभ्या झाडाला कुणीही कुऱ्हाड लावावी असा नाही. जांभूळ जिवंत आहे, ऐन मेलेला आहे, आणि वनरक्षकाला तो फरक आधीच माहीत असला तर पुढे कज्जा होत नाही. विजेच्या तारेजवळ झाड असेल तर प्रश्नच मिटला. हात लावायचा नाही, ओला दोर तर नाहीच नाही. महावितरणला १९१२ वर फोन करायचा आणि वाट बघायची.

उरतात ती दोन: वाटेवर, घरावर, पाणवठ्यावर किंवा अंगणवाडीवर ओठंगलेली. ती सोडून देता येत नाहीत.

उतरवायचेच झाले तर

पहिला अर्धा तास हत्यार खाली ठेवून नुसते बघण्यात जावा. चहूबाजूंनी, पण लांबून फिरायचे. शेंडा कुठे आणि कशात अडकला आहे? बुंधा मुळांना अजून धरून आहे का? सुटले तर खोड कुठल्या बाजूला लोळेल? वर मोडून लोंबणारी फांदी आहे का? झाडाच्या भाराने धनुष्यासारखे वाकलेले एखादे रोपटे खाली दबले आहे का? या शेवटच्याकडे कुणी बघत नाही. असे वाकलेले रोपटे कोयत्याने छाटले की ते सरळ होताना जबडा फोडते.

वारा असेल त्या दिवशी काम नाही. तिन्हीसांजेला नाही. किमान तीन माणसे हवीत, पोरेटोरे आणि कुत्रीसुद्धा दूर हवीत, आणि पळायची वाट आधी साफ करून ठेवलेली हवी. ही वाट सरळ मागे नसावी. झाड ज्या रेषेत हलणार त्या रेषेपासून तिरपी, बाजूला जाणारी असावी. पाय अडकेल असा एकही खुंट किंवा वेल तिच्यावर नको.

आता मुख्य गोष्ट. झाड शेंड्याकडून सोडवायचे नसते, ते बुंध्याकडून ओढायचे असते. आधाराच्या झाडापासून दूर, खोडाच्याच रेषेत मागे. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा: तिचा पाय मागे ओढला की वरचे टोक भिंतीवरून घसरत खाली येते. झाडाचेही तेच होते. बुंधा एकेक फूट मागे सरकतो, शेंडा बेचक्यातून निघतो आणि खाली बसतो. बुंध्याच्या मागे मोठा दगड असेल किंवा उताराची चढण असेल तर ओढण्याची दिशा थोडी वळवावी लागते. बुंधा अजून मुळांना घट्ट धरून असेल तर हे काम गावकीचे नाही; ते लाकूडतोडीचा सराव असलेल्या माणसाचे, कारण मुळे तोडायला बुंध्याशेजारी बसावे लागते. तिथे मी हात टेकतो आणि तुम्हीही टेकावेत. लहान, मांडीएवढ्या जाडीचे झाड काही जण खोडाला दोराचे वेढे देऊन, त्यात बांबू घालून जागच्या जागी फिरवून सोडवतात. युक्ती चांगली आहे, पण माणूस झाडाशेजारीच राहतो, म्हणून मी ती कुणाला शिकवत नाही.

दोर किती लांब? झाड आणि ओढणारा यांच्यामध्ये झाडाच्या लांबीच्या दुप्पट. पंचवीस फुटांच्या झाडाला पन्नास फूट. गाठी, वेढे आणि वळण धरून शंभर फुटांचा, म्हणजे तीस मीटरचा दोर जवळ हवा. याहून आखूड दोराने काम करायचेच नाही. वाड्यांवर नेमका हाच अडथळा असतो. घरात असतो तो बैलाचा कासरा किंवा विहिरीचे चऱ्हाट, दोन्ही आखूड आणि जुने. मग दोन-तीन तुकडे गाठी मारून जोडले जातात. प्रत्येक गाठ दोराची ताकद निम्म्यापर्यंत खाली आणू शकते, आणि तुटतो तो गाठीपाशीच.

त्याहून बरे म्हणजे कप्पी. बुंध्याच्या रेषेत मागे एखादे जाड, जिवंत झाड निवडायचे, त्याच्या अगदी बुडाशी पट्ट्याने कप्पी बांधायची, दोर तिच्यातून काढून काटकोनात बाजूला न्यायचा आणि तिथून ओढायचे. आता झाड ज्या रेषेत येणार त्या रेषेत कुणीच नसते. खलाशी बांधवांनो, पुढचे तुम्हाला सांगायला नको, पण वाडीवर सांगावे लागते: दोराने जो कोन झाला त्याच्या पोटात कुणीही उभे राहायचे नाही. काटकोनात वळवलेल्या दोराचा कप्पीवर पडणारा भार दोरातल्या ताणाच्या जवळजवळ दीडपट असतो. कप्पीचे बंधन तुटले तर ती गोफणीच्या दगडासारखी कोनाच्या पोटातच येते. एका जागी बांधलेली कप्पी फक्त दिशा बदलते, जोर वाढवत नाही, हेही तरुणांना दाखवून द्यावे लागले. जोर वाढवायला कप्पी बुंध्याला बांधून दोराचे एक टोक मागच्या झाडाला पक्के करावे लागते. मग दुप्पट जोर मिळतो, दोर मात्र दुप्पट लागतो.

दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. झटका द्यायचा नाही. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे; थोडे ओढायचे, थांबायचे, वर बघायचे. लाकूड करकरले की सगळ्यांनी दोर सोडून ठरलेल्या वाटेने निघायचे, कुणी ओरडायची वाट बघायची नाही. बैलजोडी लावू नये. बैल थांब म्हटल्यावर थांबतो, पण पळ म्हटल्यावर जुवातून सुटत नाही. ट्रॅक्टर लावायचा तर लांब दोराने आणि खालच्या हुकालाच. दोर उंचावर बांधला की पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो.

झाड खाली आल्यावर सगळे आनंदाने धावतात. दहा मिनिटे थांबावे. आधाराच्या झाडात मोडलेल्या फांद्या अडकून राहिलेल्या असतात आणि त्या आपल्या वेळेने येतात. मग जमिनीवरचे खोड तोडताना चढाच्या बाजूला उभे राहायचे, कारण उतारावर तोडलेला ओंडका खालच्या बाजूलाच लोळतो. कुऱ्हाडीच्या दांड्याची पाचर रोज बघायची. अनुवाद १९ मध्ये, रानात लाकडे तोडताना दांड्यातून निसटलेल्या कुऱ्हाडीने शेजारी मेला तर काय करावे, याचा नियमच दिलेला आहे. एवढ्या जुन्या काळी त्यासाठी नियम करावा लागला, म्हणजे अपघात विरळा नसणार.

कुणी सापडलेच तर दुसऱ्याने त्याच झाडाखाली धाव घेऊ नये. आधी वर बघावे. १०८ ला फोन लावावा आणि रस्त्यापर्यंत एक माणूस पाठवावा, कारण रुग्णवाहिकेला वाडी सापडत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. पाठीला किंवा मानेला मार असेल तर झोळीतून नेऊ नये. दार किंवा फळी काढून तिच्यावर न्यावे.

आपल्याकडून काय हवे

इथे मला थोडे कडू लिहायचे आहे. आम्ही दोर हवेत म्हटल्यावर मंडळीतल्या बंधूंनी मोठ्या मनाने सामान आणून दिले. त्यात कारखान्यातून बाद झालेले उचलण्याचे पट्टे होते. जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा, रंग सगळ्यांच्या ओळखीचे. चांगले दिसत होते. मी उजेडात धरून बघितले. एकाच्या कडेला काप गेला होता, दुसऱ्याची शिवण उसवली होती, तिसरा उन्हात पडून खरखरीत झाला होता, आणि दोघांवरचे लेबल गेले होते. लेबल नसलेला पट्टा आपण शॉपमध्ये वापरू का? मग तो वाडीवर का द्यायचा? शिवाय फास घालून वापरला की धड पट्ट्याचीही क्षमता ८० टक्क्यांवर येते, म्हणजे एक टनाचा पट्टा आठशे किलोचा होतो. कापलेल्याचे तर बोलायलाच नको. बाद झालेला पट्टा मधोमध कापून टाकायचा असतो. मी ते सगळे कापले. देणाऱ्यांपैकी एक भाऊ दुखावले. त्यांची मी क्षमा मागितली, पट्टे मात्र परत केले नाहीत, कारण परत करायला तुकडेच उरले होते.

साध्या चेन-पुलीचेही तसेच. ती सरळ वर उचलण्यासाठी असते. जमिनीलगत आडवी लावली की साखळी अडकते. हवा असतो तो दांडीने चालणारा ओढण्याचा प्रकार, आणि तोही लांब दोराच्या टोकाला.

म्हणून या तिमाहीत प्रत्येक वस्तीसाठी एवढेच मागतो: तीस मीटरचा एक नवा दोर, एक धड कप्पी, लेबल असलेला एक पट्टा, तीन हेल्मेट आणि तांबड्या कापडाचा एक तागा. सामान वस्तीतल्या महिला बचत गटाकडे राहील. ते कुणाच्या घरी नेऊन गुरे बांधायला वापरायचे नाही, हे त्यांनीच ठरवले आहे. शिकवायला यायला तयार असतील असे चार-सहा खलाशी हवेत. निवृत्त असतील तर उत्तम, रविवारी दुपारनंतर वेळ असतो. जाताना शिकवायला म्हणून जाऊ नये. त्या म्हातारीला झाड "अजून पडायचं हाय" हे कुणी खलाशाने शिकवले नव्हते. तिच्याजवळ दोर नव्हता, एवढेच.

तो ऐन आम्ही उतरवला नाही. बुंधा मुळांना धरून होता. मुलींनी दोन चिंध्या बांधल्या, वाट खालच्या बांधावरून वळवली, आणि आम्ही परत आलो. आषाढात एका रात्री पावसात तो आपोआप खाली आला. जांभळाची एक फांदी घेऊन. सकाळी लोकांना तो जुन्या वाटेवर आडवा दिसला. लाकूड ओले होते, त्यामुळे त्यांनी ते तसेच पडू दिले. दिवाळीनंतर फोडणार आहेत.